अनुभव धागा: एका नोंदीनं दुसरी नोंद उघडून दिली, असं तुमचं झालंय का?

सरकी_ढेप: पोळ्याआधी माळा आवरताना बाबांच्या वह्या निघाल्या. बॉलपेननं लिहिलेल्या, कडेला बारीक अक्षरात सारखं 'पान अमुक पाहा'. २०१७ च्या नोव्हेंबरात पान ६३ वर: 'बोंडं किडकी, रुई पिवळी. पान १२ पाहा.' पान १२ वर त्याच वर्षीचा मार्च: 'फरदड अजून उभी. पऱ्हाट्या बांधावर रचल्या.' फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही पुन्हा वेचणीसाठी उभी ठेवलेली कपाशी, पऱ्हाट्या म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. गुलाबी बोंडअळीला वर्षभर खायला आम्हीच ठेवलं होतं, हे त्या दोन पानांनी सांगितलं. पुढच्या साली फरदड ठेवली नाही, कामगंध सापळे (वासानं नर पतंग ओढून पकडणारे) लावले. मी शाळेत नुसतं उतरवून घेत आलो, एकाला दुसरं कधी जोडलं नाही. तुमचे अनुभव लिहा.

संत्राबाग: हाव ना. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी पाणी बंद ठेवून दिलेला ताण कधी तोडला ते कॅलेंडरवर, पाऊस वेगळ्या डायरीत. दोन्ही शेजारी ठेवल्यावर फळगळ कुठून आली ते दिसलं.

अभ्यासिका_रात्रपाळी: माझं परीक्षेतलं. ७३वी घटनादुरुस्ती (पंचायत राज), पेसा १९९६ (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), वनहक्क कायदा २००६, तीन विषय तीन वह्या. पाठ व्हायचं, उत्तर लिहिता यायचं नाही. एका चिठ्ठीवर 'मेंढा-लेखा, गडचिरोली, सामूहिक वनहक्क २००९' लिहून तिन्ही वह्यांच्या पानांचे नंबर टाकले. त्या गावच्या ग्रामसभेला जंगलाचा हक्क मिळाला होता. ग्रामसभा म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं. आता प्रत्येक नोंदीखाली 'हे कशाशी जुळतं?' एवढी ओळ लिहिते. काही न सुचलं तर ती नोंद मला कळलीच नाही असं धरते.

जुनामास्तर: जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान असंच करत. सुमारे ९० हजार चिठ्ठ्या, प्रत्येकीला क्रमांक, आत दुसऱ्या चिठ्ठीचा क्रमांक. तुमच्या बाबांनी ते कुणाकडून ऐकलं नसणार. वह्या जपा.

चुलीवरची_भाकर: पऱ्हाट्या बांधावर नाही ठेवायच्या तं चुलीत काय घालू? आमचं सारं जळण तेच हाय.

सरकी_ढेप: ताई, जळणाले ठेवा, पण किडकी बोंडं तोडून जाळून टाका. अन् पावसाळ्याआधी ढीग संपवा.

चुलीवरची_भाकर: बरं बाप्पा. वह्यायले वाळवी नाही लागली का?

सरकी_ढेप: दोनीले लागली. २०१४ ची अर्धी गेली.

संत्राबाग: उरलेल्याचे फोटो आजच काढा. पानाचा नंबर दिसला पाहिजे.