रेझ्युमेतील तंत्रज्ञानांची यादी आणि प्रकल्पांचे वर्णन

सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या नवपदवीधरांनी माहीत असलेल्या सर्व तंत्रज्ञानांची नावे रेझ्युमेत द्यावीत, असे सुचवले जाते; त्याच्याशी मी सहमत नाही. कागदावर जे नाव आहे त्याबद्दल मुलाखतीत प्रश्न येणारच, आणि एका सत्रापुरती शिकलेली सी प्लस प्लससारखी प्रोग्रामिंग भाषा तेथे उघडी पडते.

मिहानमधील (नागपूर विमानतळालगतच्या उद्योग व आयटी प्रकल्पातील) जागांसाठी नागपूरच्या नवपदवीधरांचे जे अर्ज माझ्या पाहण्यात येतात, त्यांत ‘जावा वापरून ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली तयार केली’ हे वाक्य इतके सरसकट असते की वाचणाऱ्याची नजर त्यावर थांबतच नाही. त्याऐवजी ‘चौघांच्या गटात डेटाबेसची रचना माझ्याकडे होती, एकच प्रत दोघांच्या नावे चढू नये म्हणून ट्रान्झॅक्शन वापरले’ असे लिहिल्यास (ट्रान्झॅक्शन म्हणजे डेटाबेसमधील बदलांचा असा गट, जो एकतर पूर्ण होतो किंवा अजिबात होत नाही) स्वतःचे काम कोणते आणि अडचण काय होती, हे लगेच कळते. (अर्थात, ते खरोखर केलेले असावे.)

दोन स्तंभांचे देखणे साचे शक्यतो टाळावेत, कारण छाननीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळू शकतात; पीडीएफमधील मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून क्रम तपासावा. वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि शेवटचे प्रतिज्ञापन वगळून तेथे गिटहबचा (प्रोग्रामचा कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाचा) दुवा द्यावा, मात्र तेथील प्रकल्पाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या संग्रहात, प्रकल्प कसा चालवायचा हे सांगणारी रीडमी फाइल हवी.