मधे खुलताबाद लागतं : उन्हाळ्याच्या तोंडावरची पायपीट, तुमचे अनुभव सांगा

फाल्गुन सरत आला की मला चालायची हुक्की येते. मित्र हसतात. "पावसाळ्यात चल ना, आता माळावर काय बघायचं, ढेकळं?" पण मला नुसत्या रानापेक्षा मधे एखादं गाव लागतं अशी वाट आवडते. अशी वाट तुम्ही चालला असाल तर लिहा. गावात शिरल्यावर काय झालं, ते मुख्य.

सुरुवात मीच करतो. मागच्या वर्षी मी आणि मेव्हणा दौलताबादहून खुलताबादमार्गे वेरूळला गेलो, पंधराएक किलोमीटर. सकाळी साडेसहालाच दिल्ली दरवाजा ओलांडला. किल्ल्याच्या बाहेरच्या तटातली ही वेस, आणि वेरूळचा रस्ता तिच्यातूनच जातो. सुट्टीच्या दिवशी दोन बस समोरासमोर आल्या की तासभर कुणी हलत नाही. पायी माणूस मात्र आरशाखालून वाकून सुटतो. हातकागदाचं कागजीपुरा मागं पडलं, चढ लागला आणि उताराला पळस दिसला. पान एक नाही, सगळा केशरी.

तिथंच मेव्हण्याच्या बुटाचा तळ सुटला. चार वर्षं कपाटात जपून ठेवलेला भारीतला बूट. रुमालानं बांधला, तर दर पावलाला फटक्‌ फटक्‌. तसेच खुलताबादेत शिरलो. वेशीच्या आत एक चांभारदादा बसले होते. त्यांनी बूट उलटा करून अंगठ्यानं तळ दाबला. जुन्या डिंकाचा भुगा पडला. "पडून राहिला की असंच होतं. ह्याला चिकटवून उपेग नाही, टाके घालावे लागतील." दोऱ्याला मेण चोळलं, आरीनं भोक, आतून आकडा, दोरा ओढला की 'सर्र'. पाऊण तास गेला. तेवढ्यात शेजारच्यानं न विचारता दोन चहा आणून ठेवले. पलीकडं औरंगजेबाची कबर, भद्रा मारुती, दर्गे. मला मात्र खुलताबाद म्हटलं की ते 'सर्र' ऐकू येतं.

मिटमिट्याहून
आमची पायपीट हनुमान जयंतीची. आदल्या रात्री जेवून निघायचं, नगर नाका, छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा करत पहाटेपर्यंत भद्रा मारुती. संभाजीनगर शहरातून पंचवीसेक किलोमीटर. हा मारुती झोपलेला, म्हणून आम्ही रात्रभर जागायचं, असं आमचा एक दोस्त म्हणतो. रस्ताभर केळी, पाणी, साबुदाण्याची खिचडी वाटणारे. पहिल्या वर्षी नको तितकी खाल्ली आणि घाटात बसलोच. दुसऱ्या वर्षी नवस म्हणून अनवाणी निघालो. रात्री डांबर गार असतं हो, पण खडी ती खडीच. येताना एसटीत दोन्ही पाय सीटवर घेतले, कंडक्टर काही बोलला नाही.

परभणीचा
माझा अनुभव छोटा आहे. भर उन्हात खुलताबादहून घाट उतरून लेण्यांपाशी पोचलो. मंगळवार होता. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. बायकोनं निघताना दोनदा विचारलं होतं, "आज चालू असतं ना?" मी म्हटलं होतं, "सरकारी आहे, चालूच असणार." घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं, उसाचा रस प्यालो, घरी गेलो. ती अजून काही बोललेली नाही, आणि तेच जड जातंय.

खुलताबादची सून
तुम्ही सगळे वाटेवरून लिहिता, मी उंबऱ्यावरून लिहिते. आमचं घर रस्त्याला लागून. माघ संपला की सासूबाई दारात रांजण मांडतात, बुडाशी वाळू, वर ओलं पोतं. पाणी मागणारे खूप. बायका मात्र पाणी मागत नाहीत, आधी इकडंतिकडं बघतात. मला कळतं. "या, आत या" म्हटलं की चेहरा सैल होतो. एका जयंतीला सकाळपासून मोजल्या, एकोणतीस. मोरीतलं पाणी संपलं तेव्हा शेजारच्या चाचींनी दोन बादल्या भिंतीवरून दिल्या, "ले बेटी, आज तेरे घर मेहमान बहुत हैं।" रस्त्याला स्वच्छतागृह हवं, हे दरवर्षी सगळे बोलतात. चालणाऱ्या गड्यांना आठवत नाही म्हणून इथं लिहिलं.

जालन्याचे निवृत्त शिक्षक
चैत्रात म्हैसमाळला गिरिजादेवीची यात्रा असते. खुलताबादहून बारा किलोमीटर, मी पंधरा-वीस वेळा चाललो असेन. पळसाचं कौतुक सगळे करतात. मला त्या दिवसांत करंज बघायला आवडतो, लख्ख पोपटी नवी पालवी. सीताफळी अजून काड्याच असतात. एक सांगतो, रागावू नका: दहानंतर चालू नये. आमच्या माळावरचा मुरूम खालून तापतो, टोपी काय करणार? मी दहा वाजता खुलताबादेतल्या मलिक अंबरच्या, निजामशाहीच्या वजिराच्या, कबरीच्या घुमटाखाली जाऊन बसतो. १६२६ ला गेलेला माणूस, चार वाजेपर्यंत सावली देतो. तिथं माझ्याशिवाय सहसा कुणी नसतं.

अंबाजोगाईहून, रजेवर
खुलताबाद नाही, चालेल का? आमच्याकडं योगेश्वरीच्या देवळापासून निघून गावातूनच मुकुंदराजांच्या समाधीकडं जायचं. बाजार, शाळा, मग एकदम दरी. आजोबांच्या हाताला धरून गेले होते. पायऱ्या उतरताना ते दर वळणावर थांबायचे आणि "तू दमलीस ना?" म्हणायचे. मी दमलेली नसायची.

धागा काढणारा
अंबाजोगाई चालेल, का नाही! आणि खुलताबादच्या वहिनी, एकोणतिसांत माझी बहीण असणार. ती त्या दिवशी मोरीत चप्पल विसरून आली होती, निळ्या पट्ट्याची.

खुलताबादची सून
आहे. सासूबाई घालतात. विचारून बघते.