मेलचे शॉर्टकट मधूनच बंद पडतात, लवकर मदत हवी

पाळोळेकाठ
काणकोणात आमच्या नऊ खोल्या आहेत, बुकिंगचे सगळे मेल मीच बघते. सीझन तोंडावर आलाय, रोज शंभरावर मेल येतात. माऊसने एकेक मेल बाजूला टाकण्यात सकाळ जाते म्हणून महिनाभर खपून शॉर्टकट पाठ केले. आता ते मधूनच बंद पडतात. 'ए' दाबलं की मेल आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुने मेल जपून ठेवायच्या फोल्डरात, जायला हवा, जात नाही. 'एम', 'एफ', 'एन' सगळे मुके. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की सुरळीत, दुपारपर्यंत पुन्हा तेच. कीबोर्ड नवा आणला, फरक नाही. पंधरा दिवस झाले. माहीत असेल त्यांनी कृपया लगेच सांगा.

कुळागर
प्रोग्राम कुठला ते लिहिलंच नाही तुम्ही. विंडोज की लिनक्स?

दर्यावर्दी
आउटलुकमध्ये 'ए'ने आर्काइव्ह होतच नाही, बॅकस्पेसने होतं. उत्तराला कंट्रोल+आर, सगळ्यांना उत्तर द्यायला कंट्रोल+शिफ्ट+आर, दुसऱ्या फोल्डरात हलवायला कंट्रोल+शिफ्ट+व्ही. एक जपा, तिथे कंट्रोल+एफ म्हणजे शोधणं नव्हे, फॉरवर्ड. एका गिऱ्हाइकाचे दर मी असेच दुसऱ्याला पाठवणार होतो, पत्ता घालताना लक्षात आलं.

सांजवेळ
जीमेलमध्ये शॉर्टकट मुळात बंदच असतात. सेटिंगमध्ये जाऊन चालू करा, मग प्रश्नचिन्ह दाबलं की सगळी यादी समोर येते.

पाळोळेकाठ
थंडरबर्ड आहे, विंडोज 11. लिहायचं राहिलं. जीमेल ब्राउझरमध्ये नको, तीन पत्त्यांवरचे मेल मला एकाच ठिकाणी लागतात.

कुळागर
मग कर्सर शोधाच्या चौकटीत अडकलेला असणार. कंट्रोल+शिफ्ट+के दाबून क्विक फिल्टर उघडला की पुढचं प्रत्येक अक्षर त्या चौकटीत जातं, शॉर्टकट म्हणून घेतलं जात नाही. एस्केप दाबा, मेलच्या यादीवर एकदा क्लिक करा, मग 'ए' दाबून बघा.

पाळोळेकाठ
केलं. चौकट रिकामी आहे, यादीवर क्लिक केलं, तरी नाही. कंट्रोल+आर मात्र चालतं. डिलीटही चालतं. नुसत्या एका अक्षराचे तेवढे बंद. आणि काल तर भलतंच झालं. चिडून 'ए' सात-आठ वेळा दाबला, काही झालं नाही. चहा घेऊन आले, कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि पुन्हा दाबत बसले तर न वाचलेले पाच मेल गायब! त्यात एक नाताळच्या आठवड्याचं बुकिंग होतं.

सुपारीबाग
ते पाच मेल पुसलेले नाहीत, घाबरू नका. डावीकडे आर्काइव्ह्ज फोल्डर उघडा, आत वर्षाच्या नावाने फोल्डर असतो, त्यात सापडतील. असं पुन्हा झालं तर लगेच कंट्रोल+झेड.

तांबडीमाती
ताई, एक विचारू? पाहुण्यांना मेल मराठीत लिहिता का?

पाळोळेकाठ
मिळाले पाचही, देव बरें करूं. हो, बेळगाव-कोल्हापूरच्या लोकांना मराठीतच लिहिते, बाकीच्यांना इंग्रजीत. पण त्याचा इथे काय संबंध?

तांबडीमाती
तिथेच सगळं आहे. मराठी मेल लिहून झाला की तुमचा कीबोर्ड मराठीवरच राहतो. मराठी इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या मराठी कीबोर्डच्या मांडणीत, 'ए'च्या जागी ओकाराची मात्रा आहे, 'एम'वर स, 'एन'वर ल, 'एफ'वर पहिली वेलांटी. तुम्ही दाबता 'ए', थंडरबर्डकडे पोचते ओकाराची मात्रा. त्या नावाचा शॉर्टकट त्याच्याकडे नाही, म्हणून तो गप्प. कंट्रोलबरोबरचे चालतात कारण तिथे कोणतं अक्षर उमटलं याला महत्त्व नसतं. कॉम्प्युटर चालू केल्यावर कीबोर्ड पहिल्यांदा इंग्रजीवर येतो म्हणून सकाळी सगळं ठीक. घड्याळाजवळ भाषेचं चिन्ह असतं ते बघा आणि विंडोज+स्पेस दाबा.

मी पणजीत एका कार्यालयात टपाल विभागात आहे. अर्धा पत्रव्यवहार मराठी, अर्धा इंग्रजी. हेच भोगलंय.

दर्यावर्दी
दर वेळी विंडोज+स्पेस कोण दाबत बसणार? सेटिंगमध्ये टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज असं जा. प्रत्येक विंडोला वेगळी भाषा ठेवायची खूण तिथे आहे, ती करा. एकदाच करायचं, विषय संपला.

तांबडीमाती
एक्सेल आणि मेल असे दोन वेगळे प्रोग्राम असते तर पटलं असतं. ताई मेल लिहितात तेही थंडरबर्डमध्ये आणि यादी बघतात तीही थंडरबर्डमध्ये. अशा वेळी त्या खुणेवर विसंबून राहू नये.

दर्यावर्दी
माझ्याकडे उत्तम चालतं.

तांबडीमाती
तुमच्याकडे आउटलुक आहे हो.

सुपारीबाग
दोघेही थांबा जरा. ताई, मराठीत तुम्ही दर वेळी नवीन काय लिहिता? आमच्या होमस्टेला मराठी मेल येतात त्यात प्रश्न तेच असतात. दाबोळी विमानतळावर उतरायचं की मोपाच्या? काणकोणला गाडी थांबते का, की मडगावलाच उतरावं? जेवणाची सोय आहे का? मी थंडरबर्डमध्ये क्विकटेक्स्ट नावाचं अॅड-ऑन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, घातलंय. प्रत्येक उत्तर मराठीत एकदा लिहून ठेवलं आणि त्याला इंग्रजी अक्षरांत छोटा शब्द दिला. मेलमध्ये तो शब्द टाइप करून टॅब दाबला की अख्खं मराठी उत्तर येतं. 'दाबोळी जवळ, मोपा पार पेडण्यात, टॅक्सीचं भाडं आधी ठरवून घ्या' हा मजकूर मी हाताने पुन्हा लिहिलेला नाही. कीबोर्ड इंग्रजीवरून हलतच नाही, मग शॉर्टकट बंद पडायचे कसे? तुमच्या आवृत्तीला ते चालतं का, तेवढं आधी बघून घ्या.

जुनाजाणता
शॉर्टकटच्या नादात दिवसभर एका जागी बसू नका. माझं मनगट असंच गेलं. दर तासाला उठून हात झटकायचे.

एक_प्रवासी
पाळोळेकाठ, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोघांसाठी खोली मिळेल का? चोर्ला घाटाने येणार आहोत, रस्ता कसा आहे सध्या?

पाळोळेकाठ
कीबोर्ड मराठीवरच होता! विंडोज+स्पेस दाबलं आणि 'ए'ने पहिल्या झटक्यात मेल गेला. पंधरा दिवस मी नव्या कीबोर्डवर राग काढत होते. तांबडीमाती, तुम्ही विचारलंत म्हणून, नाहीतर हे मला सुचलंच नसतं.

आज सकाळी बहात्तर मेल होते. 'एन' दाबून पुढचा न वाचलेला, वाचला की 'ए', जाहिरात असेल तर 'जे', नंतर उत्तर द्यायचं असेल तर 'एस' दाबून तारा. साडेनऊला यादी स्वच्छ, आणि माऊसला हात लावला तो फक्त एका पावतीसाठी. क्विकटेक्स्ट चाललं. विमानतळ, गाडी आणि जेवण अशी तीन उत्तरं लिहून झाली, आगाऊ रकमेचं रात्री लिहीन.

एक_प्रवासी, खोलीसाठी इथे नको, मेल करा.

सुपारीबाग
आगाऊ रकमेच्या मजकुरात खाते क्रमांक घालू नका. चुकून भलत्या माणसाला गेला तर निस्तरता निस्तरत नाही. तो दर वेळी हातानेच घाला.

मांडवीतीर
माझा कीबोर्ड कोंकणी देवनागरीवर असतो आणि थंडरबर्डमध्ये असाच त्रास होतो. त्यावर पण विंडोज+स्पेसच का? माझ्याकडे तीन भाषा आहेत, दर वेळी मधल्या भाषेवर जाऊन थांबतो.

तांबडीमाती
तिसरी वापरत नसाल तर काढूनच टाका. दोनच उरल्या की एका दाबाने इकडून तिकडे. कुठली आहे तिसरी?