मदत हवी आहे : गावाचं आरोग्य मोजायचंय, नुसतं शिबीर नको (कोरेगाव, सातारा)

नमस्कार मंडळी,

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, वस्ती अडीच हजाराच्या आसपास. मुंबईकर मंडळाने यंदा यात्रेच्या वर्गणीतली काही रक्कम आरोग्यासाठी बाजूला काढली आहे. मंडळाचं म्हणणं, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी शिबीर लावू, साताऱ्याहून डॉक्टर आणू, मांडव तर असतोच. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

शिबिराला कोण येतं ते आपल्याला ठाऊक आहे. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या, ज्यांची गोळी आधीपासून चालू आहे असे निवृत्त गुरुजी, आणि चष्मा फुकट मिळेल म्हणून आलेले. वडाप (प्रवासी जीप) चालवणारा येत नाही, कारखान्यावर पाळीला जाणारा येत नाही, दिवसभर आल्याच्या रानात वाकलेली बाई तर नाहीच नाही. मग फ्लेक्सवर 'लाभार्थी ४००' लागतं, फोटो ग्रुपवर येतात आणि गावात बीपी किती जणांना आहे हे कोणालाच कळलेलं नसतं.

मला साधं जाणून घ्यायचंय. तिशीपुढच्या किती जणांचा बीपी वाढलेला आहे, त्यातल्या किती जणांना ते माहीत आहे, गोळी कितीजण घेतात, आणि घेणाऱ्यांपैकी किती जणांचा खरंच आटोक्यात आहे. बायकांच्या अंगात रक्त किती, तेही. आणि जमलं तर माणसं मनाने कशी आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची (२०१९-२१) साताऱ्याची पत्रिका मी वाचली. काम चांगलं आहे, पण आकडा अख्ख्या जिल्ह्याचा. २०११ च्या जनगणनेत तीस लाखांचा जिल्हा. महाबळेश्वर-जावळीचा डोंगर, कराडचा ऊस आणि माण-खटावचं माळरान एकाच टक्केवारीत. आमच्या गावाला त्यातून काय कळणार?

गावपातळीवर आशाताईंचे सीबॅक फॉर्म आहेत, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका किती ते गुण देऊन बघायची प्रश्नावली. तिशीपुढच्या प्रत्येकाचा भरायचा, गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं. आमच्या आशाताई मन लावून भरतात. एकदा त्यांच्यासोबत गेले होते. "काकू, तंबाखू खाता का?" "न्हाय गं बया, आपल्याला कसलंच येसन न्हाय." हे बोलताना काकूंचं बोट दातांवरून फिरतंय आणि मिश्रीची डबी मांडीवर उघडी. फॉर्मवर 'नाही'. असे किती 'नाही' त्या गठ्ठ्यात असतील देव जाणे.

तर, पोरं-पोरी मिळून दहा-बारा जण मदतीला तयार आहेत. अख्खं गाव फिरणं जमणार नाही. घरं कशी निवडायची? मशीन कुठलं घ्यायचं? आणि मनाचं कसं विचारायचं? आमच्याकडे कोणालाही विचारा, उत्तर एकच : "बरं चाललंय."

---

वडूजकर : ताई, पहिलं काम म्हणजे उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमना आणि पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरांना भेटा. तुम्ही बीपी शोधून काढाल, पण गोळी तिथूनच मिळणार. २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशपातळीवरचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून पहिल्यांदा घेतलेल्या चार जिल्ह्यांत आपला सातारा होता. बाकीचे भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग. म्हणजे तिथल्या लोकांना हे काम नवीन नाही. त्यांना न विचारता केलंत तर आकडे तुमच्या वहीत राहतील.

आकडेमोड : शिबिराबद्दल शंभर टक्के सहमत.

घरं निवडायला ग्रामपंचायतीचा नमुना आठ घ्या, घरपट्टीची यादी. साधारण सहाशे घरं असतील. एक ते पाचमधली चिठ्ठी काढा, त्या घरापासून सुरुवात करून दर पाचवं घर घ्या. घरातले तिशीपुढचे सगळे मोजा. आता महत्त्वाचं : घराला कुलूप दिसलं की पोरं शेजारच्या घरात जातात. ते बंद करा. संध्याकाळी जा, रविवारी जा, पण त्याच घरी जा. कुलूप कोणाच्या घराला असतं? तुम्हाला जो माणूस शिबिरात सापडत नाही त्याच्याच.

अशी अडीचशे माणसं मिळाली आणि त्यात ३० टक्क्यांना बीपी निघाला, तर खरा आकडा ढोबळमानाने २४ ते ३६ च्या मध्ये कुठेतरी आहे असं धरा. जरा जास्तच अंतर ठेवा, कारण एका घरातली माणसं एकाच बरणीतलं मीठ खातात.

पुढच्या वर्षी परत मोजून "३० वरून २५ वर आणलं" असं मंडळाला सांगायची स्वप्नं मात्र बघू नका. एवढा फरक खात्रीने दिसायला दोन्ही वेळा साडेबाराशेच्या आसपास माणसं लागतात, म्हणजे तुमच्या गावातले तिशीपुढचे जवळपास सगळेच. शिवाय वर्षभरात बीपीवाल्यांची टक्केवारी घटतही नाही. तुम्ही लक्ष ठेवायचं ते 'बीपी आहे त्यातल्या किती जणांचा १४०/९० च्या खाली आला' यावर. तो आकडा तुमच्या हातात आहे, आणि तो चांगला हललाही पाहिजे.

वयाचे गट वेगळे मांडा : ३० ते ४४, ४५ ते ५९, साठीपुढे. तुमची तरुण पोरं पुण्या-मुंबईत, म्हातारी माणसं गावात. एमआयडीसीजवळच्या एखाद्या गावाशी एकूण टक्केवारी लावून बघाल तर तुमचं गाव उगाच आजारी दिसेल.

बालमृत्युदराच्या वाटेला जाऊ नका. तो हजार जन्मांमागे काढतात. तुमच्याकडे वर्षाला तीसेक बाळं जन्मत असतील. एक दगावलं की दर तेहतिसावर, एकही नाही तर शून्य. त्यातून काही निघत नाही. त्या एका घरी जाऊन काय झालं ते विचारा, जास्त कळेल.

आणि ऊसतोड कामगारांच्या कोप्यांचं काय ठरवलंय? साखर कारखाना पेटला, म्हणजे गाळप सुरू झालं, की बीडकडच्या टोळ्या तुमच्या शिवारात चार-पाच महिने राहतात. नमुना आठमध्ये ते नसतात. मोजणार असाल तर वेगळी यादी करा आणि आकडा वेगळा लिहा. माझं मत विचाराल तर मोजाच.

मिरजेची सिस्टर : बीपीचं मशीन दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्टे दोन मापांचे ठेवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी खोटाच जास्त दाखवतो. माणसाला पाच मिनिटं शांत बसू द्या, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला. बाही वर करा, स्वेटरवरून नको. मोजताना गप्पा बंद. आधीच्या अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू नको, आणि हो, मिश्रीही नको. ती तंबाखूच आहे, नाव घेऊन विचारा : "सकाळी मिश्री लावली का?" बायका लगेच सांगतात, लपवायचं काही आहे असं त्यांना वाटतच नाही.

एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. एकदा जास्त आला म्हणून लगेच 'तुम्हाला बीपी आहे' म्हणू नका, दुसऱ्या दिवशी परत बघा. पण १८०/११० च्या वर दिसला तर त्याच दिवशी पीएचसी, गाडी तुम्ही करून द्या.

रक्त तपासायला सुई पोरांच्या हातात देऊ नका, ते उपकेंद्रावर होऊ दे. बाईला हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर असेल तर ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी.

धागाकर्ती : सगळ्यांचे आभार. कोप्यांचा विचार डोक्यात नव्हता. वेगळी यादी करूच. मनाचं कोणी सांगेल का?

कृष्णाकाठ : जागतिक आरोग्य संघटनेची पाच वाक्यांची प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी ताजंतवानं वाटलं का, रोजच्या दिवसात मन रमलं का. प्रत्येकाला शून्य ते पाच, एकूण २५. बेरीज १३ च्या खाली आली तर त्या माणसाशी कोणीतरी जाणत्याने बोलायला हवं. 'कसं चाललंय' पेक्षा हे बरं, कारण दोन आठवडे म्हटलं की माणूस आठवायला लागतो.

सुनेला सासूसमोर विचारू नका. गड्याला पारावर विचारू नका. आणि विचारण्याआधी ठरवा की कोणी रडायला लागलं तर पुढे काय. टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर प्रत्येक पोराच्या फोनमध्ये सेव्ह हवा.

वडूजकर : मंडळाला शिबीर हवंच असेल तर सर्वेक्षणानंतर घ्या. ज्यांचा बीपी वाढलेला सापडला त्यांना चिठ्ठी देऊन बोलवा. मांडव, डॉक्टर, फ्लेक्स, सगळं राहील, मंडळ पण खूश.

धागाकर्ती : हे मंडळाच्या गळी उतरेल असं वाटतंय. शेवटचं : नमुना आठची प्रत ग्रामपंचायतीतले भाऊसाहेब अशीच देतील का अर्ज करावा लागेल?

आकडेमोड : सरपंचांना बरोबर घेऊन जा आणि अर्ज द्याच. फक्त घर क्रमांक उतरवून घ्या, मालकाची नावं नकोत. तपासणीच्या कागदावरही घर क्रमांकच टाका. कोणाला काय झालंय ते संध्याकाळी पारावर पोचलं तर दुसऱ्या दिवशी कोणी दार उघडणार नाही.