मदत हवी आहे: आजोबांची मिलिटरी दुर्बीण धुरकट दिसते (तातडीचे)

सातारी_तडका:
आजोबांची लष्करातली दुर्बीण आहे. पितळी, वर चामडं. धुरकट दिसतंय. कशी साफ करायची? रविवारी आत्या येतेय, तिला दाखवायचीय. कृपया लवकर सांगा. 'गुगल कर' असं कुणी सांगू नये, करून झालंय.

भिंगवाला:
कोणती दुर्बीण? एका डोळ्याची की दोन? ओढून लांब होते का? काही कोरलंय का? धुरकट म्हणजे पूर्ण चित्र पांढुरकं की फक्त कडा? फोटो टाका.

सातारी_तडका:
एका डोळ्याची. फोटो चढत नाहीये. साफ कशी करायची तेवढं सांगा ना.

कोकणकडा:
पितळ ना? चिंच नि मीठ लावा, पाच मिनिटं ठेवा, कोमट पाण्याने धुवा. आमच्याकडे समया अशाच चकचकीत होतात.

भिंगवाला:
कोकणकडा, ती समई नाही हो. पाणी आत गेलं की संपलं. तक्रार भिंगाची आहे, पितळेची नाही. आणि लष्करी दुर्बिणीचं पितळ मुद्दाम काळपट केलेलं असतं. उन्हात चकाकलं तर समोरच्याला जागा कळते. ते घासून काढलंत तर निम्मी किंमत गेली.

सातारी_तडका:
चिंच धाकट्याने मागच्या दिवाळीतच लावलीय. सध्या एकदम सोन्यासारखी दिसते.

भिंगवाला:
🤦

निवृत्त_सुभेदार:
मुला, भिंगाकडून पहिल्या नळीवर अक्षरं असतील. नीट वाचून लिही.

सातारी_तडका:
हो काका, आहेत. इंग्रजीत आहेत, तशीच उतरवतो: टेल. एससीटी. रेग्ट. एमके टू एस. खाली बी.सी. अँड कं. लि. आणि १९४१. त्याखाली ओ.एस. १२६ जी.ए. शेजारी कोंबडीच्या पायासारखी खूण आहे. मिटून दहा इंच, ओढून अडीच फूट भरते, तीन नळ्या बाहेर येतात.

निवृत्त_सुभेदार:
झालं की! टेलिस्कोप, स्काउट रेजिमेंट, मार्क टू. कोंबडीचा पाय म्हणजे ब्रॉड ॲरो, ब्रिटिश सरकारी मालाची खूण. बी.सी. म्हणजे लंडनचे ब्रॉडहर्स्ट क्लार्कसन. दुसऱ्या महायुद्धात स्नायपरच्या जोडीकडे ही असायची. एकाने रायफल धरायची, दुसऱ्याने हिच्यातून हेरायचं.

पाववडा:
स्नायपरची दुर्बीण तर रायफलवर बसवलेली असते ना? नेम धरायला?

निवृत्त_सुभेदार:
ती वेगळी. नंबर ४ (टी) रायफलवर नंबर ३२ नावाची दुर्बीण बसायची, छोटी, कमी ताकदीची. ही हातात धरायची. पाठीवर रेलून, गुडघा उभा करून त्यावर टेकवायची, नाहीतर चित्र हलतं. मूळ कसब स्कॉटलंडच्या डोंगरातल्या शिकाऱ्यांचं. हरणं हेरणारी ही माणसं घेऊन लॉर्ड लोव्हॅटने १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी लोव्हॅट स्काउट्स ही पलटण उभी केली. पुढे टोकाला सरकणारी नळी आहे बघ, ती उन्हाची तिरीप भिंगावर पडू नये म्हणून.

रानपाखरू:
अवांतर: स्नायपर शब्दाचं मूळ आपल्याकडचं आहे! अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी 'स्नाइप' मारायला जायचे. स्नाइप म्हणजे आपला पाणलावा. चिखलात बसला की दिसत नाही, उठला की वेडावाकडा उडतो. तो टिपणारा तो स्नायपर. उजनीला हिवाळ्यात भरपूर येतात.

पाववडा:
+१, हे माहीत नव्हतं. उजनीला नेमकं कुठे?

जुनाबाजार_भक्त:
थांबा थांबा. खरी आहे कशावरून? उत्तराखंडात रुरकीला अशा पितळी दुर्बिणी ढिगाने बनतात, वर 'रॉस लंडन' असं जुन्या विलायती कंपनीचं नाव कोरतात आणि मुंबईत चोरबाजारात 'जहाजावरची आहे साहेब' म्हणून गळ्यात मारतात. मी एक घेतलीय. आता पेपरवेट आहे.

भिंगवाला:
रुरकीवाले सहसा जहाजी थाटाचा माल काढतात, शोभेचा. एवढा रटाळ सरकारी मजकूर कोण कोरत बसेल? चामड्याची शिवण आणि नळ्या ओढताना लागणारी घट्ट, सारखी ओढ बघा. नकलेत नळी एकतर खडखडते नाहीतर अडकते.

वकीलसाहेब_नाही:
लष्करी वस्तू घरी ठेवणं कायद्यात बसतं का ते आधी बघा. पुरावस्तू कायदा १९७२ प्रमाणे नोंदणी लागते.

निवृत्त_सुभेदार:
तो कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तूंना. ही १९४१ ची. बेरीज-वजाबाकी करा, साहेब.

सातारी_तडका:
मंडळी, धुरकट!!! आज गुरुवार आहे.

भिंगवाला:
मग उत्तरं द्या. १) डोळ्याकडचा भाग फिरवल्यावर धूसरपणा फिरतो का? २) मोठ्या भिंगाकडून टॉर्च मारून दुसरीकडून तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का? ३) आधी नीट दिसायचं का? ४) कधी उघडली होती का?

कोकणकडा:
बुरशी असेल तर दोन दिवस कडक उन्हात ठेवा. आमच्याकडे पापडसुद्धा…

भिंगवाला:
उन्हात भिंग? पापड नाही, घर भाजेल. आणि धागा वाचणाऱ्या पोरांनो, हिच्यातून सूर्याकडे बघायचं नाही.

सातारी_तडका:
१) हो, फिरतो. २) धागे नाहीत. मोठ्या भिंगात कडेला इंद्रधनुष्यासारखा एक डाग आहे. ३) गणपतीत अजिंक्यताऱ्यावरचा दूरदर्शनचा टॉवर स्वच्छ दिसत होता. ४) हो, मागच्या आठवड्यात मीच उघडली. बारीक नळीतून एक भिंग निघालं, ते पुसून परत बसवलं. त्यात काय सांगायचं?

भिंगवाला:
त्यात काय सांगायचं!! अहो, हेच सांगायचं होतं. दोन दिवस आम्ही इथे पाणलावे मोजतोय.
बारीक नळीत एकूण चार भिंगं असतात. दोन डोळ्याकडे, दोन आतल्या टोकाला. आतली दोन चित्र सुलटं करतात. तुम्ही काढलेलं भिंग एका बाजूने सपाट आणि दुसरीकडून फुगीर असेल. ते उलटं बसलंय. हात धुऊन, फक्त कडेला धरून, बाजू बदला. पुढच्या वेळी काढायच्या आधी भिंगाच्या कडेवर पेन्सिलने बाण काढायचा, टोक पुढच्या दिशेला.

जुनाबाजार_भक्त:
नळ्या सरकायला शिलाई मशीनचं तेल चांगलं, दोन थेंब.

भिंगवाला:
अजिबात नको. तेल महिन्याभरात भिंगावर पसरतं. नळ्या कोरड्या सुती कापडाने पुसायच्या, बस. आटे फारच कोरडे असतील तर काडीच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस. आटा अडकला तर पक्कड लावू नका, रबरी पट्टा गुंडाळून हाताने फिरवा.

सातारी_तडका:
बाजू बदलली. टॉवरवरचा कावळा दिसतोय!!! पण कडेला थोडं अजून धूसर आहे. इंद्रधनुष्याचा डाग काढायला स्पिरिट लावू?

भिंगवाला:
नको! मोठं भिंग म्हणजे दोन काचा कॅनडा बाल्सम नावाच्या डिंकाने चिकटवलेल्या आहेत. डिंक कडेला सुटलाय, त्याचा तो रंग. स्पिरिट आत झिरपलं तर आणखी सुटेल. ऐंशी वर्षांची वस्तू आहे, कडेला थोडं धूसर दिसणारच. कॅमेऱ्याच्या रबरी फुंकणीने धूळ उडवा, बाकी हात लावू नका.
आणि चामड्याच्या डब्यात ठेवू नका. साताऱ्याच्या पावसात चामडं ओल धरतं. डबा शोभेला वेगळा ठेवा, दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात. चामड्यालगत पितळेवर हिरवं मेणासारखं आलं असेल तर लाकडी काडीने खरवडा.

कोकणकडा:
चामड्याला खोबरेल चालेल ना?

भिंगवाला:
नाही, काकू. खवट होतं, बुरशीला जेवण.

निवृत्त_सुभेदार:
आजोबा कोणत्या पलटणीत होते?

सातारी_तडका:
मराठा लाइट इन्फंट्री, इटलीत होते. दुर्बीण तिथूनच आणली.

निवृत्त_सुभेदार:
मान आहे. नाईक यशवंत घाडगे तिथलेच, १० जुलै १९४४, तिबर नदीचं वरचं खोरं. एकट्याने मशीनगनचा मोर्चा घेतला आणि नंतर शत्रूच्या स्नायपरनीच त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. पण एक सांगतो, राग मानू नको. पलटणीची दुर्बीण जवान घरी आणू शकत नाही. खात्यावर असते, हरवली तर पगारातून कापतात.

सातारी_तडका:
काका, आमच्या घरी सगळे तसंच सांगतात.

जुनाबाजार_भक्त:
सगळ्यांच्याच घरी सांगतात.

सातारी_तडका:
(सोमवार) आत्या येऊन गेली. सुभेदारकाका, तुमचं खरं निघालं. ती म्हणाली, अप्पा युद्धानंतर देवळालीला कारकून होते, तिथे सरकारी मालाच्या लिलावात पंधरा रुपयांना घेतली. आजी त्यावरून महिनाभर बोलत नव्हती. इटलीची गोष्ट अप्पांनी नंतर पोरांसाठी जोडली म्हणे. आत्याने अर्धा तास गच्चीवर टॉवर बघितला. मग म्हणाली, हिचा रंग का रे असा झाला? धाकटा तिथून निघून गेला.
सगळ्यांचे आभार. भिंगवाला, खास.

पाववडा:
उजनीचं कुणी सांगितलं नाही अजून.

जुनाबाजार_भक्त:
विकायची आहे का?

सातारी_तडका:
नाही.