गाण्यावरचा सगळ्यात खरा मराठी सिनेमा कोणता? माझं मत ‘द डिसायपल’ला

सावनी

सुट्टीत गाण्यावरचे तीन मराठी सिनेमे पाठोपाठ पाहिले. ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) आणि ‘मी वसंतराव’ (२०२२) परत एकदा, ‘द डिसायपल’ मात्र पहिल्यांदाच. तिन्ही आवडले. पण एक मत पक्कं झालं, ते मांडते: गाणाऱ्या माणसाच्या आयुष्याबद्दल खरं बोलणारा यातला एकच सिनेमा आहे, आणि तो ‘द डिसायपल’.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. शरद नेरुलकर मुंबईत एका वृद्ध गुरुजींकडे ख्याल शिकतोय. गुरुजींची सेवा करतो, त्यांच्या औषधपाण्याचं बघतो, पोटासाठी जुन्या ध्वनिमुद्रणांचं काम करतो. रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवताना कानात माईंची व्याख्यानं असतात. माई म्हणजे गुरुजींच्या गुरू, त्यांनी आयुष्यभर स्वतःचं गाणं रेकॉर्ड होऊ दिलं नाही. शरदच्या मेहनतीत कुठेही कसूर नाही. तरीही गाणं होत नाही. सूर लागतो, ताल सुटत नाही, तान येते, आणि तरीही मैफल उभी राहत नाही. असा गायक मध्यभागी ठेवायची हिंमत दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंनी केली, हीच मला मोठी गोष्ट वाटते. आपल्याकडे पडद्यावरचा गायक शेवटी जिंकतो, नाहीतर मरतो. निव्वळ कमी पडणारा गायक मी याआधी पाहिला नव्हता.

मैफलीही तशाच चित्रित केल्यात. कॅमेरा लांब, स्थिर. तंबोरे, तबला, पेटी आणि समोर थोडेसे श्रोते. प्रत्येक समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) श्रोत्यांचे भारावलेले चेहरे दाखवणं नाही. शरद झालेले आदित्य मोडक स्वतः शास्त्रीय गायक आहेत, गुरुजींच्या भूमिकेतले अरुण द्रविड गायिका किशोरी आमोणकरांचे शिष्य. त्यामुळे तंबोरा मांडीशी घेऊन बसण्यापासून सगळं अस्सल आहे. माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा. एप्रिल २०२१ मध्ये सिनेमा ओटीटीवर यायच्या काही दिवस आधी त्या गेल्या. हे ठाऊक असताना तो आवाज ऐकणं मला जड गेलं.

‘कट्यार’ची गाणी माझ्याही ओठांवर आहेत. पण तिथे गाण्याला सतत दरबार लागतो, पैज लागते, सूड लागतो. त्यातले गायक पंडितजी, त्यांचा आवाज जातो तोसुद्धा शेंदूर खाऊ घातल्यामुळे. गायकाचा आवाज, त्याची उमेद कशाने जाते याचं उत्तर इतकं सोपं नसतं.

मिरजकर

सावनीताई, पूर्ण असहमत.

‘कट्यार’ला दरबार लागतो कारण ती संगीत नाटकाची गोष्ट आहे. दारव्हेकरांचं नाटक १९६७चं, अभिषेकीबुवांचं संगीत, पंडितजींचे प्रतिस्पर्धी गायक खाँसाहेब यांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. नाटकात संघर्ष हवाच. आणि तो नुसता हारजितीचा नाही, दोन गायकींचा आहे. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन चालींत येतं, एक पंडितजींच्या अंगाने, दुसरी खाँसाहेबांच्या. ज्याला घराणं (गायकीची परंपरा) म्हणजे काय हे कुणी कधी सांगितलेलं नाही, तो माणूससुद्धा त्या दोन चाली ऐकून घरी जाताना म्हणतो, शब्द तेच पण गाणं वेगळं. हे काम दहा व्याख्यानांनी होत नाही.

दिवाळीत सिनेमा लागला तेव्हा आमच्याकडे आजी-आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळं घर एकत्र गेलं होतं. त्यातलं ‘सूर निरागस हो’ आमच्या कॉलनीतल्या गणपतीत आजही म्हटलं जातं. ‘डिसायपल’ कितीही खरा असो, त्याने किती कानांपर्यंत गाणं पोचवलं?

पार्ल्याचा प्रेक्षक

मिरजकरांना माझा पाठिंबा. मी ‘डिसायपल’ घरच्यांबरोबर सुरू केला आणि अर्ध्यावर बंद केला. मला राग ओळखता येत नाहीत. शरद चांगला गातोय की वाईट, हे मला पडद्यावरून कळायला नको का? गुरुजी नाराज दिसले की मी समजायचं की गाणं फसलं. ज्याला आधीच येतं त्याच्यासाठीच बनवलेला सिनेमा वाटला. ‘कट्यार’मध्ये शंकर महादेवन गायला लागले की काही माहीत नसतानाही अंगावर काटा आला होता.

अनुजा पी.

@पार्ल्याचा प्रेक्षक, मलाही राग ओळखता येत नाहीत, तरी मी खिळून बसले होते. याचं कारण गाणं नव्हतं.

माझा भाऊ पुण्यात सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायचा. सकाळी अभ्यासिका, रात्री अभ्यासिका, पूर्व निघते, मुख्य निघत नाही. अभ्यासात चूक कुठे होती हे कुणालाच सांगता आलं नाही. ऐन विशी गेली. शरदला स्पर्धेत साधा नंबरही मिळत नाही, तेव्हा मला निकालाच्या दिवशीचा दादा आठवला. आपण सगळं बरोबर करतोय आणि तरी होत नाहीये, ही गोष्ट कळायला राग यावा लागत नाही.

आणि तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, शरद नेमका कुठे कमी पडतोय ते आपल्याला कळत नाही. पण ते शरदलाही कळत नाही. त्याचं दुःख तेच आहे.

तंबोरा

मी गेली बरीच वर्षं नाशिकला गाणं शिकवते, म्हणून थोडं लांब लिहिते.

सिनेमातली शिकवणी, रियाज, गुरूच्या घरातली वावरण्याची पद्धत, पाय चेपणं, डॉक्टरकडे नेणं, सगळं ओळखीचं आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. हा मुलगा गाण्यात कधी रमलेला दिसतच नाही. अहो, एखादा गंधार (‘ग’ हा सूर) मनासारखा लागला तर अख्खा दिवस चांगला जातो. तालमीत मुलं एकमेकांच्या चुकांवर हसतात, शिकवणी संपल्यावर चहा पिताना कुणीतरी सहज चीज (बंदिश) गुणगुणतं आणि सगळे त्यात शिरतात. याच आनंदासाठी लोक चाळीस चाळीस वर्षं गातात, एकही बक्षीस न मिळवता गातात. ताम्हाणेंनी आमच्या विद्येचं नुसतं तपाचं अंग दाखवलं. बघणाऱ्याला वाटेल शास्त्रीय संगीत म्हणजे शिक्षा.

‘कट्यार’बद्दल मिरजकर बोलतायत ते मी वर्गात अनुभवलंय. त्या वर्षी सिनेमातलं ‘अरुणी किरणी’ शिकायचंय म्हणून मुलं आली. थोडी टिकली, बरीच गेली. टिकलेल्यांतली काही आज चांगलं गातात.

सावनी

@तंबोरा, तुमचं म्हणणं मनापासून वाचलं. पण शरदला आनंद का मिळत नाही, याचं उत्तर सिनेमात आहे. लहानपणीचे प्रसंग बघा. बाहेर मुलं खेळायला बोलावतायत आणि वडील त्याला रियाजाला बसवतायत. वडिलांना स्वतःला गायक व्हायचं होतं, ते राहिलं. म्हणजे गाणं त्याने निवडलंच नाही, ते त्याच्यावर आलं. पुढे माईंची व्याख्यानं येतात: हे साधनेचं काम आहे, लोकांसाठी गाऊ नका, इच्छा मारा. विशीतल्या मुलाने ते शब्दशः घेतलं. सिनेमा शास्त्रीय संगीताला शिक्षा म्हणत नाही. गुरूच्या शब्दाची अशी पूजा केली की आनंद निघून जातो, एवढंच तो म्हणतो, आणि ते मला पटतं.

@मिरजकर, किती कानांपर्यंत पोचलं हा निकष मला मान्य नाही. पोचवणं चांगलंच, पण मी खरेपणाबद्दल बोलत होते.

मूर्तिजापूर एक्सप्रेस

दोघांच्या भांडणात ‘मी वसंतराव’चं नाव वरच्या परिच्छेदात येऊन गेलं आणि नंतर कुणी त्याची आठवणही काढली नाही. वऱ्हाडातला माणूस म्हणून मला बोलणं भाग आहे.

हा सिनेमा ज्यांच्यावर आहे त्या वसंतराव देशपांडेंचा जन्म मूर्तिजापूरचा, १९२०चा. आईने नवऱ्याचं घर सोडलं आणि एकटीने मुलाला नागपुरात वाढवलं. पुढे लाहोर, मारवा रागाची तालीम, मग पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी आणि तिथून थेट नेफात (आजच्या अरुणाचल प्रदेशात) बदली. लोकांनी खऱ्या अर्थाने डोक्यावर घेतलं ते १९६७च्या ‘कट्यार’पासून, म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. सावनीताई, गायक एकतर जिंकतो नाहीतर मरतो असं तुम्ही म्हणालात. हा गायक अर्धं आयुष्य फायली सांभाळत राहिला आणि गात राहिला. तेही खरंच आहे ना?

आणि घराण्याचा प्रश्न. शरद सिनेमातल्या अलवार घराण्याची शुद्धता जपण्यात झिजतो. वसंतराव अनेकांकडे शिकले आणि माझं घराणं माझ्यापासून सुरू होतं म्हणाले. दोन्ही सिनेमे एका रात्री पाहावेत, एकाने विचारलेल्या प्रश्नाला दुसरा उत्तर देतो. माझ्यासाठी आईचं काम करणाऱ्या अनिता दाते या सिनेमाचा कणा आहेत. राहुल देशपांडेंनी आजोबा उभे करताना नक्कल टाळली, हेही मोठं. लांबी मात्र कमी हवी होती, हे कबूल. उत्तरार्धात दोनदा वाटलं, आता पुढे सरका.

मिरजकर

‘मी वसंतराव’बद्दल सहमत. जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार आनंद भाटे यांना २०११च्या ‘बालगंधर्व’साठी, महेश काळे यांना २०१५च्या ‘कट्यार’साठी आणि राहुल देशपांडे यांना ‘मी वसंतराव’साठी मिळाला. रागदारीत मुरलेल्या तीन मराठी गळ्यांना सिनेमाने देशभर नेलं. याचा मला अभिमान आहे आणि त्याला कुणी फक्त ‘लोकप्रिय’ म्हणून बाजूला सारू नये. ‘डिसायपल’ला व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं, आनंदच आहे. पण इथल्या थिएटरात मराठी माणसाने रांग लावली ती ‘कट्यार’साठी.

आणि एका प्रसंगाबद्दल माझा आक्षेप ऐका. तो रेकॉर्ड जमवणारा जाणकार, राजन जोशी, शरदसमोर बसून माई आणि गुरुजींबद्दल नको नको ते बोलतो. ऐकवत नाही. ज्यांच्यामुळे ही विद्या टिकली त्यांच्या खासगी आयुष्याची अशी चिरफाड कशासाठी? शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो, मीही तेच केलं असतं.

तंबोरा

@मिरजकर, इथे मी सिनेमाच्या बाजूने आहे. तो प्रसंग मला संपूर्ण सिनेमात सगळ्यात धीट वाटला. अशी माणसं आमच्या क्षेत्रात असतात. त्यांच्याकडे दुर्मीळ ध्वनिमुद्रणं असतात, कान तयार असतो, आणि कुणाचंही मोठेपण त्यांना सहन होत नाही. जोशी खरं बोलतोय की खोटं, हे सिनेमा सांगत नाही. पण त्या दिवसानंतर शरदला माई पूर्वीसारख्या ऐकू येणार नाहीत, हे आपल्याला कळतं. गुरूला देव मानणाऱ्या प्रत्येकावर हा दिवस कधीतरी येतो. माझ्यावर आला होता. त्यातून बाहेर पडून पुन्हा त्याच गुरूंसमोर शिकायला बसता येतं, ते मात्र मला सिनेमात हवं होतं.

पार्ल्याचा प्रेक्षक

मी बंद केला तो या प्रसंगाच्या आधीच. अनुजाताईंचं वाचून परत लावेन म्हणतो, पण एकट्याने, रात्री. तरी माझा मुद्दा सोडत नाही. प्रेक्षकाला आत घ्यायची जबाबदारी सिनेमाचीही असते.

श्रुती_१७

मी तंबोराताईंसारख्याच एका बाईंकडे शिकते, बारावीत आहे. गाण्याच्या क्लासला ‘कट्यार’ बघूनच गेले होते, तेव्हा खूप लहान होते. ‘डिसायपल’ मागच्या महिन्यात पाहिला. रियाज सोडावासा वाटला नाही, उलट जास्त केला. पण शरद रात्री यूट्यूबवर स्वतःच्या गाण्याखालच्या कमेंट वाचतो ना, ते बघून मी माझे व्हिडिओ काढून टाकले.

एक गोष्ट अजिबात पटली नाही. शरद शिकवायला लागतो तेव्हा एका विद्यार्थ्याची आई विचारते, कॉलेजच्या फ्यूजन बँडमध्ये गाऊ दे का. शरद म्हणतो, जाऊ दे, पण मग परत इथे येऊ नको. का? त्या मुलाला गायचं होतं, ते पण मित्रांबरोबर. शरदला जे कधी मिळालं नाही तेच तो त्याच्याकडून काढून घेतो.

सावनी

श्रुती, तू शेवटच्या वाक्यात लिहिलंस ते मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. अगदी हेच.

तंबोरा

श्रुती बाळा, व्हिडिओ काढलेस ते छान केलंस. बँडच्या बाबतीत मात्र मी शरदच्या बाजूने आहे. बोलला ते फार लागेल असं बोलला, आईसमोर तर नकोच होतं. पण सुरुवातीची काही वर्षं आवाज एका जागी बसू द्यावा लागतो. मी पण माझ्या मुलांना थांबायला सांगते, फक्त दार बंद करत नाही.

श्रुती_१७

पण ताई, तोपर्यंत बँडमधले मित्र दुसरा गायक शोधतात.