सल्ला हवा: महालातला वाडा, लाखभर रुपये आणि अर्ध्या तासाचा भयपट

महालकर:
नमस्कार मंडळी. आम्ही पाच मित्र मिळून अर्ध्या तासाचा भयपट करून राहिलो. एकाच्या आजोबांचा वाडा नागपूरच्या महाल भागात आहे, सध्या रिकामा. लाखभर रुपये जमलेत, कॅमेरा घरचाच. वाडा विकायला आलेले बहीण-भाऊ रात्री तिथेच मुक्काम करतात आणि माडीवर कोणीतरी आहे असं त्यांना वाटायला लागतं, एवढी कथा. कमी खर्चातले कोणते सिनेमे बघून शिकता येईल? आणि पैसा कुठे लावावा? एक मित्र म्हणतो, चाळीस हजार मेकअपवर घालू, भूत एकदम जबरदस्त दिसलं पाहिजे.

रातकिडा:
भाऊ, ते चाळीस हजार आधी वाचवा. कमी पैशातला भयपट आपटतो तो बहुतेक वेळा मोठ्या बजेटचा आव आणल्यामुळे. जे चालले त्यांनी आपली टंचाई कथेतच मुरवली. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (1999) बघा. जंगलात वाट चुकलेले तीन विद्यार्थी स्वतःच चित्रण करतायत, त्यामुळे हलणारं, धूसर चित्र हीच त्यातली खरी गोष्ट वाटते. चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही.

दुसरा, ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’. ओरेन पेलीनं 2006 मध्ये स्वतःच्या घरात साधारण 15 हजार डॉलरमध्ये चित्रित केला. हा मात्र नीट अभ्यासा. झोपायच्या खोलीत कॅमेरा तिवईवर ठेवलेला, रोज रात्री तीच चौकट. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला उघडं दार आणि त्यापलीकडे अंधार. दोन-तीन रात्रींत ती खोली आपल्याला पाठ होते. मग दार नुसतं जरासं हललं तरी अंगावर काटा येतो, कारण ते कुठे होतं हे आपल्याला पक्कं माहीत असतं.

तुमच्या वाड्यातही हेच करा. चौक, माजघर, माडीचा जिना, सगळं दिवसाउजेडी दाखवा. बहीण दोन-तीनदा त्या जिन्यानं वर-खाली जाऊ द्या. कोणती पायरी वाजते ते प्रेक्षकाला कळू द्या. रात्री दोघंही खाली असताना तीच पायरी वाजली, की काम झालं. ही तयारी न करता मध्येच ढॅणकन संगीत वाजवलं तर माणूस दचकतो, पण घाबरत नाही.

बर्डीवाली:
रातकिडाशी सहमत. पण आवाजाबद्दल कोणीच कसं बोललं नाही? नवख्यांचे लघुपट बघताना माझं मन उडतं ते आवाजामुळे. चित्र थोडं काळपट असलं तर चालतं, संवाद घुमले की संपलं. पैसा माइक आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसावर लावा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तेव्हा चौकटीबाहेर गाद्या-गोधड्या टांगा. प्रत्येक खोलीची शांतता अर्धा मिनिट वेगळी रेकॉर्ड करून ठेवा, संकलनात दोन संवादांमधली फट भरायला तीच लागते.

वर्धारोड:
मला नाही पटत. कथा कितीही चांगली असू द्या, शेवटी भूत फालतू दिसलं की लोक हसतात. मेकअपला पैसा लागतोच.

रातकिडा:
दादा, लोक हसतात हे खरं. पण ते भूत लख्ख उजेडात, समोरासमोर आणि फार वेळ दाखवल्यामुळे. जॉन कार्पेंटरच्या ‘हॅलोविन’ (1978) मधल्या खुन्याचा मुखवटा ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, बाजारात तयार मिळणारा होता. तोच पांढरा रंगवला, डोळ्यांची भोकं मोठी केली. खुनी बराच वेळ लांब उभा असतो, नाहीतर अर्धा सावलीत. त्या कोऱ्या चेहऱ्यावर भाव आपणच भरतो.

आपल्याकडचं बघायचं तर ‘कौन’ (1999). घर एक, माणसं तीन, बाहेर पाऊस, गाणं एकही नाही. खरं कोण बोलतंय हा एकच प्रश्न सिनेमाभर ताणलाय. आणि मराठीत ‘लपाछपी’ (2017). उसाचं शेत इतकं भेसूर वाटू शकतं हे त्यात कळतं. त्यातल्या भीतीमागे स्त्रीभ्रूणहत्येचं खरं दुखणं आहे, म्हणून ती घरी गेल्यावरही सुटत नाही. महालकर, तुमच्या बहीण-भावात वाडा विकण्यावरून नक्की काय बिनसलंय? ते आधी लिहा. माडीवर कोण आहे त्याचं उत्तर त्या भांडणातून निघालं पाहिजे.

महालकर:
भांडणाचं लिहिलंच नव्हतं, आज बसतो. आणखी एक. मे महिन्यातच सगळ्यांना सुट्ट्या आहेत. कूलरशिवाय तिथे कोणी टिकणार नाही आणि कूलरचा आवाज तर प्रत्येक शॉटमध्ये येणार.

बर्डीवाली:
संवादाच्या वेळी बंद ठेवायचा, मध्ये-मध्ये सुरू करायचा, दुसरा इलाज नाही. रात्रीचे प्रसंग रात्रीच घ्या, थोडं सुसह्य होईल. पण तो कूलर कथेतच घ्या ना! नागपुरात मे महिन्यात त्या घरघरीकडे कोणाचं लक्षही जात नाही. पहिल्या दृश्यापासून ती सुरू ठेवा. मग लाइट जाऊ द्या. घरघर थांबते, कूलरच्या आत गवताच्या ताट्यांवरून पाणी ठिबकत राहतं, आणि इतका वेळ जे ऐकू येत नव्हतं ते माडीवरून ऐकू यायला लागतं. कूलरचा, ठिबकण्याचा आणि पायरीचा, तिन्ही आवाज वेगवेगळे रेकॉर्ड करा म्हणजे संकलनात पाहिजे तसे कमी-जास्त करता येतील.

वर्धारोड:
हे जबरदस्त आहे ताई. महालकर, मेकअपचं राहू द्या. लाइट गेल्यावर कंदील लावणार की मोबाइलचा टॉर्च, ते आधी ठरवा. तुमची सगळी प्रकाशयोजना त्यावरच ठरेल.